वर्णनात्मक नोंद आणि वर्णाची नोंद

दलित साहित्याची समीक्षा करताना आपण कवितेकडे पाहिले, कथेकडे पाहिले, आत्मकथनांवर तर चर्चासत्रांमागून चर्चासत्रे घेतली. परंतु दलित मुलाविषयी मराठीत आज सर्वांत जास्त गद्य कोठे लिहिले जाते, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला नाही. ते गद्य कोणत्याही प्रकाशनगृहातून बाहेर पडत नाही. ते प्रगतिपत्रकावर आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत लिहिले जाते. त्याचा लेखक शिक्षक असतो, नायक विद्यार्थी असतो आणि वाचक बहुधा कोणीच नसतो. ज्या आईबापांसाठी ते लिहिले जाते ते पत्रकावर सही करतात किंवा अंगठा उठवतात आणि पुन्हा कांद्याच्या वाफ्यात किंवा द्राक्षाच्या मांडवाखाली निघून जातात. ज्या गद्यावर एखाद्या मुलाविषयीचे समाजाचे मत ठरते त्या गद्याची समीक्षा व्हायला हवी, आणि ती शिक्षणखात्याच्या परिभाषेत नव्हे तर आपल्या परिभाषेत व्हायला हवी, असे मला वाटते. हा लेख त्या दृष्टीने.

आधी मूळ कल्पना नीट समजून घेतली पाहिजे. कारण तिच्याविषयीचे शिक्षकांचे कंटाळलेले शेरे आणि अधिकाऱ्यांची पोपटपंची यांच्यामध्ये ती कल्पनाच हरवली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या आकलनाचे आणि ते आकलन वापरण्याच्या क्षमतेचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन करावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने ही पद्धती पहिली ते आठवीला लागू केली. तिचे दोन भाग पडतात. सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन, आणि शिकणे चालू असताना होते ते आकारिक. पहिली-दुसरीला आकारिकाला शंभरापैकी सत्तर गुणांचे वजन, तिसरी-चौथीला साठ, पाचवी-सहावीला पन्नास, सातवी-आठवीला चाळीस. साधनेही ठरवून दिली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय आणि इतर.

निफाडच्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगायला परदेशी ग्रंथांची गरज नाही. या तालुक्यातील द्राक्षबागाईतदार बाग वाढीला लागलेली असतानाच पानाचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवतो. देठात काय कमी आहे ते कळले की खताचा हिशेब बदलतो. मालाची प्रतवारी पुढे काढणीच्या वेळी होतेच. पण तेव्हा काही बदलता येत नाही. देठपरीक्षण बागेला पास-नापास करण्यासाठी नसते, बागाईतदाराने स्वतः काय करावे हे त्याला कळण्यासाठी असते. आकारिक मूल्यमापन म्हणजे नेमके हेच. परीक्षण मुलाचे होते, पण बदलायचे असते शिकवणाऱ्याने. जिथे शिकवणे बदलत नाही तिथे रकाने कितीही भरा, ते आकारिक नव्हे. आणि गंमत अशी, की जो बागाईतदार देठाच्या तपासणीसाठी पैसे मोजतो तोच शाळेच्या समितीवर बसला की फक्त निकाल किती टक्के, एवढेच विचारतो.

वर्गातले उदाहरण घेऊ. ४०२ मधून १७८ वजा करायचे आहेत. मूल ३७६ लिहिते. उत्तर २२४ आहे, म्हणजे गुण शून्य. परीक्षा इथे संपते. पण मुलाला 'हे कसे केलेस?' असे विचारा. ते सांगेल : चारातून एक गेला तीन राहिले, सातातून शून्य गेले सात राहिले, आठातून दोन गेले सहा राहिले. म्हणजे मुलाला वजाबाकी येत नाही असे नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचे, हा नियम त्याने काटेकोरपणे पाळला आहे. आणि बहुधा दुसरीत कोणी तरी त्याला 'लहानातून मोठा जात नाही' असे सांगितले होते त्याचाच हा परिणाम आहे. चूक मुलाच्या बुद्धीत नाही. दशकाचा एक सोडवून दहा एकक करतात ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. हे मूल बापाबरोबर बाजारात गेलेले असते. पाचशेची नोट देऊन सुटे परत घेणे त्याला येते. त्या सुट्यांवरून हातच्याकडे येणे हे शिक्षकाचे पुढच्या दिवसाचे काम. एका चुकीच्या उत्तरातून दुसऱ्या दिवसाचा पाठ निघाला, की मूल्यमापन झाले.

'आकारिक' आणि 'संकलित' हा भेद १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन या तत्त्वज्ञाने मांडला आणि पुढे बेंजामिन ब्लूम यांनी तो वर्गात आणला. १९९८ मध्ये पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांनी सुमारे अडीचशे अभ्यास तपासून असे दाखवले, की या रीतीने शिकवले तर सर्वच मुलांचे शिकणे सुधारते, आणि मागे पडलेल्यांचे अधिक सुधारते. आपल्या दृष्टीने हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. मागे पडलेले कोण, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

आता त्या गद्याकडे वळू. नोंदवहीत 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' अशी शीर्षके असतात. त्याखाली शिक्षकाने मुलाविषयी एक-दोन वाक्ये लिहायची. शासनाने बहुधा प्रथमच प्राथमिक शिक्षकाला सांगितले, की या मुलाविषयी तुझ्या शब्दांत लिही. एखाद्या लेखकाला याहून मोठी संधी काय हवी? पण झाले असे, की तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. विषयवार, इयत्तावार, क्रमांक घातलेल्या नोंदी. आता त्या मोबाइलवर फिरतात. 'नीटनेटका राहतो', 'उच्चार स्पष्ट आहेत', 'वडीलधाऱ्यांचा आदर करतो', 'परिसर स्वच्छ ठेवतो', 'लेखनात सुधारणा आवश्यक'. शिक्षक यादीतून वाक्ये उचलतो आणि हजेरीच्या क्रमाने वाटतो. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या पत्रकावर तेच वाक्य येऊ नये, एवढीच काळजी.

शिक्षकाची बाजू मला माहीत आहे. दोन-दोन वर्ग एका शिक्षकाकडे, जनगणना त्याच्याकडे, मतदारयादी त्याच्याकडे, पोषण आहाराचा हिशेब त्याच्याकडे. आणि वर प्रत्येक मुलामागे प्रत्येक विषयाच्या नोंदी. वेळ नसलेला माणूस तयार माल घेणारच. तरीही ही वाक्ये साहित्य म्हणून वाचून पाहा. त्यांत मूल कोठे आहे? 'नीटनेटका राहतो' या नोंदीत ज्या घरी नळ आहे त्याचा गौरव आहे. ज्याच्या वस्तीला पाण्याचा टँकर येतो त्याच्यासाठी 'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे' हे वाक्य तयारच असते. 'उच्चार अशुद्ध' ही नोंद तर मला अस्वस्थ करते. 'पानी', 'व्हता', 'आनला' असे बोलणारे मूल चुकीचे बोलत नाही, ते आपल्या आईची भाषा बोलते. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'उपरा' १९८० मध्ये आले, आणि वस्तीच्या भाषेला मराठी साहित्यात जागा मिळाली. विद्यापीठांनी तिचे उतारे नेमले, प्राध्यापकांनी त्या भाषेच्या सामर्थ्यावर प्रबंध लिहिले. आणि तीच भाषा घेऊन तिसरीत आलेल्या मुलाच्या पत्रकावर आपण लिहितो : सुधारणा आवश्यक. जी भाषा एम. ए.च्या वर्गात अस्सल ठरते ती पहिलीच्या वर्गात अशुद्ध कशी ठरते, याचे उत्तर आपल्या समीक्षकांनी द्यायला हवे. प्रमाण भाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. ती शिकवलीच पाहिजे, कारण अर्ज तिच्यातच करावे लागतात. पण मूल घरून काय घेऊन आले आहे याची नोंद न करता त्याच्यात काय नाही याचीच नोंद करणे हे मूल्यमापन नव्हे.

वर्णनात्मक नोंद ही अशी हळूहळू वर्णाची नोंद होते.

ही गोष्ट नवी नाही. आपल्या मुलांचे 'सातत्यपूर्ण मूल्यमापन' या देशात शासननिर्णयाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण 'उचल्या' वाचताना कळते की नजर गेली नाही. दैनंदिन निरीक्षण हे साधन त्या माणसांना कोणी शिकवावे लागत नव्हते. ते त्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगले होते. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेवले आहे, की बसायला स्वतःचे गोणपाट घरून आणावे लागे आणि संध्याकाळी घरी न्यावे लागे, कारण शाळेचा शिपाई त्याला शिवत नसे. आणि शिपायाने नळ सोडला नाही तर पाणी नाही. त्या शाळेने त्या मुलाचे मूल्यमापन पहिल्याच दिवशी पूर्ण केले होते.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. त्यांनी धावत जाऊन डबे हलवले, मग भीमरावांनी फळ्याला हात लावला. या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलाला फळ्याजवळ बोलावून 'करून दाखव' म्हणणे ही आकारिक मूल्यमापनाची सर्वांत साधी, सर्वांत जुनी कृती. शिक्षकाने ती केली. पण फळा आणि मूल यांच्यामध्ये डबे होते. गणित येते की नाही हे कळण्याआधी सगळ्या वर्गाला जात कळली. आज डबे नाहीत, पण फळ्यामागे काय काय ठेवलेले आहे ते पाहिल्याशिवाय ही पद्धती आमच्या वर्गात चालणार नाही.

त्याच मुलाला १९०७ मध्ये मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळाले, असे चरित्रात दिले आहे. म्हणजे शेकडा अडतीसाच्या आत. आजच्या श्रेणीच्या तक्त्यात हा विद्यार्थी कोठे बसला असता ते प्रत्येक शिक्षकाने बसवून पाहावे. संकलित मूल्यमापन त्याच्याविषयी एवढेच सांगू शकले. दुसरे मूल्यमापन शाळेबाहेर, चर्नी रोडच्या बागेत झाले. तिथे वाचत बसणाऱ्या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी पाहिले, चौकशी केली, काय वाचतोस विचारले, पुस्तके दिली. मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी खटपट केली. केळुसकरांकडे नोंदवही नव्हती, रकाने नव्हते. त्यांनी पाहिले, विचारले आणि पुढे काय द्यायला हवे ते दिले. १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जाणाऱ्या वाटेवर ते पुस्तक आहे. निफाडच्या शेजारी येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा झाली, त्या वाटेवरही ते आहेच.

मग परीक्षा वाईट आणि निरीक्षण चांगले, असे म्हणून मोकळे व्हावे काय? परीक्षेने आमचे काय केले ते इतिहासात आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांमध्ये शिक्षण पसरवायला निरुपयोगी आहे, असे स्पष्ट बजावले होते. अशा लोकांत कोणता शिक्षक शाळा काढील? त्याचे पोट त्यावर भरणार नाही, हा त्यांचा रोखठोक हिशेब होता. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याच्या अवघे आठ दिवस आधी, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात दाखवून दिले की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. नापास करणारी चाळणी कोणासाठी होती हे त्या आकड्याने सांगितले.

पण इथेच आपल्या मनातील एक गाठ सोडवायला हवी. दलित विद्यार्थ्याला बोर्डाची परीक्षा नेहमीच शत्रू वाटली नाही. उलट अनेकदा ती एकमेव मित्र वाटली. कारण बैठक क्रमांकाला जात नसते. तपासणारा कोठे तरी दूर असतो, त्याला आडनाव दिसत नाही. वर्गातले तोंडी गुण, वहीचे गुण, वर्तनाचे गुण ज्याच्या हातात असतात त्याला मात्र आडनावही ठाऊक असते आणि वस्तीही. म्हणून आमच्या मागच्या पिढीने पेपरावर विश्वास ठेवला, तो भाबडेपणाने नव्हे, अनुभवाने. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मधील संस्कृतची कहाणी इथे आठवावी. शाळेतील गोखले गुरुजी आपल्याला संस्कृत शिकवणार नाहीत, अशी त्या मुलीची खात्री होती. त्यांनी शिकवले. हा एका शिक्षकाच्या नजरेचा विजय. पण पुढे एम. ए. होऊनही नोकरी मिळेना. विवाहानंतर सोमकुंवरचे पावडे झाले आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. पदवी तीच, गुण तेच, संस्कृत तेच. बदलले ते आडनाव. लेखिकेने हा फरक स्वतःच निर्दयपणे मांडला आहे. आपल्या साहित्यात मूल्यमापनावर यापेक्षा कठोर समीक्षा मला सापडलेली नाही.

आणि हा केवळ अनुभव नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जातीची माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून लावली आणि शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ज्या उत्तरपत्रिकेवर खालची जात लिहिलेली होती तिला सरासरीने थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. याहून अवघड गोष्ट पुढे आहे. हा फरक प्रामुख्याने खालच्या मानलेल्या जातींतील तपासनिसांच्या हातून पडलेला आढळला. वरच्या जातींच्या तपासनिसांत तो दिसला नाही. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना राग येईल. एका प्रयोगावरून सगळे ठरवू नये, हेही खरे. पण हा निष्कर्ष लपवून ठेवणे आंबेडकरी विचाराला धरून होणार नाही. वरून खाली पाहण्याची नजर शिडीच्या प्रत्येक पायरीवर तयार होते, हेच तर बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता या शब्दांत सांगत होते. आग्र्याला १९५६ मध्ये शिकलेल्यांविषयी त्यांनी बोलून दाखवलेली व्यथा आपण भाषणांत फार वापरतो. ती नोंदवही भरताना आठवावी.

दुसरा एक अभ्यास कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला. उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात न सांगता दिली तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच चालली. सर्वांसमोर नाव, बापाचे नाव आणि जात पुकारून दिली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच. आता आपल्या शाळांत 'एस. सी.ची मुले उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आहेत' हे वाक्य किती सहजपणे उच्चारले जाते ते आठवून पाहा, आणि त्यानंतरच्या तासाला तोंडी काम असते, हेही. जातीची नोंद आम्हाला हवी आहे. ती हक्काची नोंद आहे, तिच्याशिवाय शिष्यवृत्ती नाही आणि राखीव जागाही नाही. तिची जागा जनरल रजिस्टरमध्ये आहे. वर्गात मोठ्याने वाचण्याची ती गोष्ट नाही.

म्हणून आकारिक मूल्यमापनाकडे आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. परीक्षा आंधळी असते, म्हणून ती मुलाचे काय अडले ते पाहू शकत नाही. पण आंधळी असते म्हणून जातही पाहत नाही. शिक्षकाची नजर अडलेले नेमके पाहू शकते, आणि तीच नजर जातही पाहते. पहिली सोडून दुसरी घ्यावी असा हा सौदा नाही. नजरेवर नजर कशी ठेवायची, हा प्रश्न आहे.

निफाड तालुक्यात तर आकारिक मूल्यमापनाची गरज कॅलेंडरच सांगते. पहिल्या सत्राची संकलित परीक्षा दिवाळीच्या तोंडावर येते तेव्हा द्राक्षाची गोडी छाटणी जोरात असते. दुसऱ्या सत्राची एप्रिलमध्ये येते तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी. पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या बागांवर उतरतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुले येतात. इथल्या दलित वस्त्यांतील मुलेही धाकटी भावंडे सांभाळायला घरी राहतात किंवा वाफ्यात उतरतात. 'उपरा'मधले गाढवांवरचे बिऱ्हाड आज पिकअपमध्ये चढले आहे, एवढाच बदल. ज्या मुलाची वर्षातली मोजमाप दोनच दिवशी होते आणि नेमक्या त्या दिवशी ते बांधावर असते, त्याचे वर्ष वाया जाते. जुलैत त्याला काय येत होते, ऑगस्टमध्ये काय आले, हे लिहिलेले असेल तर परतल्यावर शिक्षक तिथून पुढे जाऊ शकतो. लासलगावच्या बाजारात कांद्याची प्रतवारी होते तेव्हा गोल्टी का राहिली, पाणी कमी पडले की लागवड उशिरा झाली, असे कोणी विचारत नाही. लिलावाला ते विचारायचे नसते. शाळेला विचारायचे असते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये निफाडचा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत ते होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. पण गावाने परीक्षेचा तो पहिला मान जितका जपला तितका, त्याच काळात गावकुसाबाहेरच्या मुलांना शाळेची पायरीही चढता येत नव्हती हा इतिहास जपलेला नाही.

आता वारे पुन्हा उलटे फिरले आहे. कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवणे ही तरतूद आणली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही नियम बदलले. 'मुले काही न शिकताच पुढे ढकलली गेली' असे कारण दिले जाते. त्यात तथ्य आहे, आणि ते आपल्याच वस्त्यांत सर्वांत जास्त दिसते. आठवीतले मूल, ज्याच्या प्रत्येक पत्रकावर ब-१, ब-२ अशा श्रेणी आणि 'विशेष प्रगती'च्या ओळी आहेत, त्याला साधा उतारा वाचता येत नाही. जुनी परीक्षा त्याला हाकलून देत होती. तयार नोंदींनी त्याला न पाहताच दारापर्यंत पोहोचवले. पण याचा दोष आकारिक मूल्यमापनाला देणारे हे विसरतात, की ते झालेच नव्हते. झाले ते त्याचे कागदपत्र. रकाने भरले होते. देठ कोणी तोडलेच नव्हते.

करता काय येईल? मला सुचते ते सांगतो. एका शाळेत मी वर्गाच्या मागे बसून कोणाला प्रश्न विचारला जातो एवढेच टिपले होते. प्रश्न पुढच्या दोन रांगांतच फिरत राहिला. ज्यांना उत्तर येते त्यांनाच विचारले जाते, कारण तास पुढे सरकतो. शिक्षकाने आठवडाभर हजेरीपटावर, ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे एक टिंब द्यावे. शनिवारी कोणाच्या नावापुढे टिंब नाही ते पाहावे आणि त्या नावांच्या वस्त्या कोणत्या तेही पाहावे. दुसरे, छोटी चाचणी तपासताना नाव कागदाच्या मागे लिहायला सांगावे. बोर्डाच्या बैठक क्रमांकाने जो आधार दिला तो वर्गातल्या दहा गुणांच्या चाचणीलाही देता येतो, त्याला शासननिर्णय लागत नाही. तिसरे, शेरा आणि गुण एकाच कागदावर देऊ नयेत. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्राएलच्या शाळांतील मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुले पुढे गेली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली गेली नाहीत, कारण गुण दिसले की शेरा कोणी वाचत नाही. आमच्या मुलाच्या बाबतीत तर गुण कमी आले, की शेरा त्याला शिवीसारखा ऐकू येतो.

आणि नोंदीविषयी. पुस्तिकेतले वाक्य उतरवण्याऐवजी मुलाचे एक वाक्य किंवा एक उत्तर जसेच्या तसे लिहावे, त्याच्या बोलीत, त्याच्या चुकीसह. आणि त्याखाली आपण दुसऱ्या दिवशी काय केले ते. '४०२ वजा १७८, उत्तर ३७६, मोठ्यातून लहान काढतो. सुट्या पैशांचा खेळ घेतला, गुरुवारी पुन्हा पाहणे.' एवढी ओळ पुरे. सर्व मुलांच्या सर्व विषयांच्या नोंदी खोट्या भरण्यापेक्षा दिवसाला चार मुलांच्या अशा खऱ्या नोंदी झाल्या, तर महिन्यात सगळा वर्ग पाहून होतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला रिकामे रकाने दिसतील, हे खरे. तिथे शिक्षक संघटनांनी उभे राहायचे. वेतन आयोगासाठी त्या उभ्या राहतातच.

पालकांसाठी एक गोष्ट राहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, निम्म्या स्त्रियांच्या, आणि वंचित घटकांतील मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात आहेत. या जागांवर आपली माणसे बसतात, चहा पितात, इतिवृत्तावर सही करतात. कार्यकर्त्यांनी त्यांच्याबरोबर एक बैठक करावी आणि पुढच्या सभेत एकच मागणी ठेवायला सांगावे : नोंदवही उघडा आणि माझ्या मुलाविषयी काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवा. आईला वाचता येत नसेल तरी चालेल. आपल्या मुलाचे वर्णन ते आहे की शेजारच्याचे, हे तिला ऐकल्याबरोबर कळते.